मोर्चाचे टी-शर्ट

आर्णीच्या छपाईच्या दुकानात लीलाबाई आपल्या पिशव्यांची वाट पाहत बसल्या होत्या. शेतकरी वामनराव आणि दुकानदार अमरची जुंपली, तसे त्यांनी कान टवकारले.

"काका, 'कापसाले भाव द्या' हे चमकलं पायजे असन, तं पॉलिस्टरवरच छापा लागते."

"वा रे गड्या! पॉलिस्टर घालून कापसाचा भाव मांगू?"

"साहेब कुठं अंगाले हात लावून पाह्यते?"

"सुतीच पायजे."

"मंग साधी छपाई करतो. पण चार धुण्यात उडून जाईन."

"अन् धाग्यानं भरलं तं?"

"कापड फाटन, अक्षर नाही जाणार. पण एका मोर्चासाठी कायले एवढं?"

"एका? माहा बापही हेच मांगत मेला. धाग्यानंच भर. अन् दोन-चार लहान मापाचेही कर, नातवायले लागतीन."