बोटांना पाठ असलेलं माप

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर टर्नर बसले होते. त्यांच्याच कारखान्यात ड्रॉइंग काढणारी मुलगी आत आली आणि त्यांना बघताच जवळ येऊन बसली.

“काका, बरे भेटलात! तुमचे उपकार कसे फेडू?”

“कसले गं?”

“जुनी ड्रॉइंग नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि भोकाच्या मापात किती फरक चालेल तो टॉलरन्स आपोआप दहापट सैल झाला. मी न तपासताच छापून दिलं तुम्हाला.”

“होतं असं.”

“होतं काय! चारशे नग भंगारात गेले असते आणि त्यांच्यामागोमाग मी. पण तुमचे सगळे जुन्या मापात चोख! चूक दिसली कशी तुम्हाला?”

“दिसतंय कुठे? चार महिने झाले, कागदावरचं अक्षर लागत नाही.”

“म्हणजे ड्रॉइंग वाचलंच नाहीत?”

“वीस वर्षं तोच नग करतोय. माप तपासायचं गेज भोकात कसं बसायला हवं, ते बोटांना पाठ आहे. हळू बोल, साहेबांना माहीत नाही.”

“अहो काका!”

“मोतीबिंदू आहे. परवा काढतायत, मग लख्ख दिसेल.”

“देव पावला!”

“पावला खरा. पण मग मी कागद वाचून काम करणार. तोवर बाकीची ड्रॉइंग तपासून ठेव, पोरी.”