पायाळू पोराचा उजवा पाय

हसू नका, पण धानाच्या रोवणीत कोणाची कंबर धरली की मले माह्या पोराचा पाय आठवते. आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. माहा शिऱ्या पायाकडून जन्मलेला, पायाळू. पायाळूचा पाय पाठीवर पडला की पाठीत भरलेली चमक जाते म्हणतात, म्हणून रोवणीवरून येता येता अर्ध्या अड्याळ गावच्या बाया आमच्या छपरीत पालथ्या पडत, अन् माही सासू त्याले हात धरून पाठीपाठीवरून चालवे.

पोरगं स्वतः चालाले लागलं तं उजवा पाय बाहेर फेके. लंगडा झाला तं? सासू म्हणे, "काही नाही होत." तिच्याशी भांडून मी त्याले भंडाऱ्याले नेलं. डॉक्टरनं पाय वळवून पाहिला, त्याले चालवून पाहिलं, पाठीवरच्या चालण्याचं माह्याकडून ऐकलं. आता प्लास्टर म्हणते का काय!

"हाड बरोबर आहे. या वयात पुष्कळ मुलं असा पाय टाकतात, सुधारेल. पण आता त्याला जमिनीवर चालू द्या."

घरी आली तं पाच बाया पालथ्याच! मी कडाडली, "उठा! माह्या पोराचा पाय तुमच्या पाठीसाठी नाही!" बाया निघून गेल्या. सासूनं बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा पितळी गुंड उचलाले वाकली अन् तशीच राहिली. ना उठता ये, ना बसता ये. सासू पोराले कडेवर घेऊन समोर उभी.

"बोलावू काय तुया डॉक्टरले?"

मी दातओठ खात पालथी झाली. म्हटलं, "ठेवा, आत्या. पण डावा ठेवा."