देवाचा शंख चालायला लागला

माझं खरं कुणाला वाटलंच नाय बघा. लेकीनं कोकणातून आणलेला शंखातला खेकडा मीच सांभाळायची. एक दिवस डब्यात नुसता रिकामा शंख! लेक रडायला लागली.

हे म्हणाले, "मांजरानं खाल्लं. टाक तो शंख."

"खाल्लं नाय. अंगानं वाढलाय, मोठं घर हुडकाया गेलाय."

सगळे हसले. तेवढ्यात देवघरातून सासूबाई किंचाळल्या, "अगं, देवाचा शंख चालायलाय!"

बोटाएवढा जीव, पण अख्ख्या उस्मानपुऱ्यात मिळायची नाय अशी जागा धरली. मानलं त्याला!

"डब्याचं झाकण उघडं कुणी टाकलं?" सासूबाई कडाडल्या.

सकाळी त्याला खोबरं यांनीच घातलं होतं. नवऱ्याचं नाव मी उखाण्याबिगर कधी घेतलं नाय. त्या दिवशी मोठ्यानं घेतलं, "दत्तात्रय!"