माझ्याबरोबर फुगडी कोण घालणार

माझा जन्म शिवडीचा, बाबा गोदीत गोणी उचलायचे, आणि मी लहानपणापासून अशीच, अंगानं भरलेली. काय सांगू तुम्हाला, जेवायचे सगळ्यांएवढंच, पण दिसायचं माझ्या एकटीच्या अंगावर. बाबा लाडानं गोणी म्हणायचे ते गोड वाटायचं, तेच चाळीतल्या पोरांनी म्हटलं की रडू यायचं.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्या वेळी आईनं शक्कल काढली. मंडळी यायच्या आधीच मला पदर लपेटून कोपऱ्यात पाटावर बसवलं आणि म्हणाली, आता उठायचं नाय. पोहे मावशीनं फिरवले. मुलाची आई म्हणाली, मुलीला जरा चालून दाखवू दे, तर मावशी म्हणते तिच्या पायाला मुका मार लागलाय. झालं, बसल्या बसल्या पसंत पडले मी! पण लग्नाच्या दिवशी मांडवात चालत आले नि सासूनं मला पहिल्यांदा उभी बघितली, तो चेहरा मी अजून विसरले नाय.

सासर लालबागला, तिसऱ्या माळ्यावर. सासू काटकुळी, फुंकर मारली तर उडेल अशी, पण तोंड तिखट, बोलणं मालवणी. फसवल्यानी आमका, असं माळ्यावर सगळ्यांना सांगत सुटली. फसवलं तर होतंच, म्हणून मी गप्प. आमचे हे गिरणीत, स्वभावानं गरीब, मला कधी काय बोलले नाहीत, पण आईपुढे माझ्या बाजूनंही बोलले नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. काय दिवस होते हो ते! गिरणी सुटली की माणसं घरी न येता मोर्चाला, पोरंटोरं जिन्यात घोषणा द्यायची, बायका कडेवर मूल घेऊन सभेला निघायच्या. आमचे हे सत्याग्रहात गेले ते तुरुंगातच गेले. घरात मी आणि सासू, दोघीच. ती धड जेवेना, माझ्याशी बोलेना.

अशात गौरी आल्या. दुपारी बायका खाली चौकात फुगड्या घालायच्या. फुगडीचं कसं, दोघींनी पाय जुळवायचे, हात धरून मागं रेलायचं, जोड सारखी लागते, एक हलकी असली की भिरकावली जाते. म्हणून माझ्याबरोबर कोणी घालायचं नाय. मी आपली गाणी म्हणायचे, आवाज मोठा माझा, म्हणजे ही नुसतीच उभी आहे असं कोणाला वाटू नये. त्या दिवशी समोरच्या खोलीतली म्हणाली, हिच्या जोडीला राणीच्या बागेतला हत्ती आणायला पाहिजे. सगळ्या हसल्या. मीपण हसले, काय करणार.

सासू भिंतीला टेकून बसलेली, ती ताडकन उठली. माझ्या सुनेक काय ता मी बोलतलंय, तुमी कोण गो? असं म्हणत माझ्यासमोर आली, पदर खोचला, म्हणाली हात दी. मी म्हटलं, आये, पडाल. तर म्हणते, तू आसस ना, घट धर.

हिला काय झालं तर हे सुटून आल्यावर मला काय म्हणतील? पण धरले हात, पाय घट्ट रोवले नि फिरले. वेग आला तशी सासू जमिनीवरून उचलली गेली, बायका ओरडल्या, आणि ती हसत होती हो, मुलाला नेल्यापासून पहिल्यांदा हसत होती. मी सोडली नाय. हळूहळू थांबवून खाली टेकवली. धापा टाकत सगळ्यांना म्हणाली, बारीक कोण असती तर माका घेवन आपटली असती.

त्यानंतर ती गोड झाली असं नाय हां, जाडी म्हणायची ती मरेपर्यंत म्हणाली. पण हे सुटून आल्यावरही दर गौरीला पहिली फुगडी आमची, तिचे गुडघे गेले तोवर.

आता ती नाही, हे नाहीत, चाळीच्या जागी टॉवर झालाय, तिथं फुगडी घालायला चौकच नाय. डॉक्टर सांगतो आजी वजन उतरवा, तर गुडघ्यांसाठी उतरवते, लोकांसाठी नाय उतरवत. नात माझ्यासारखीच आहे अंगानं. आरशासमोर बाजूनं वळून उभी राहते, पोट आत घेते, माझ्या पोटात तुटतं. तिला भरपूर मिळावं, आणि जेवताना तिच्या ताटाकडे कोणी बघू नये, एवढंच मागते मी गौरीकडे.