बटाटे करपवायची रीत

हॅलो?… हॅलो, कोण?… थांबा हं, इकडे कढई चरचरतेय, गॅस बंद करते… हं, बोला. मोठ्यानं बोला.

तिनं फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. उजवा कान दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईयंत्रांनी कधीच खाल्ला होता. आज तिची सुट्टी, आणि सुट्टीच्या दुपारी तिला फोन करणारं माणूस एकच, धुलाईचा मुकादम. तोही कुणी दांडी मारली तरच.

आज मी यायची नाही हं, आधीच सांगते. मागच्या सुट्टीलाही मलाच… काय? कोण? सून? कुणाची सून?

ती स्टुलावर बसली.

माझी… हो, हो, माझीच की. मला आहेतच किती मुलं, एकच तर… नाही गं, आवाज नाही ओळखला. कसा ओळखणार? लग्नात ऐकला तेवढाच… ते राहू दे. तो बरा आहे ना? आधी ते सांग… ताप? कधीपासून?… आणि आत्ता सांगतेस?… बरं, बरं. उतरला ना? मग?… जेवत नाही. ताट ढकलून देतो. हं, ती सवय जुनी आहे… मागतो काय मग?

गॅसवरच्या छोट्या कढईत एकटीपुरता बटाटा परतलेला होता. पिवळा, नीटनेटका, कुठं एक डाग नाही.

बटाटे?… आईसारखे? असं म्हणाला तो? स्वतःच्या तोंडानं?… तापात असताना म्हणाला की उतरल्यावर?… हसू नको, मला फरक पडतो.

लग्नापासून मुलानं तिला फोन केला नव्हता. तिनंही केला नव्हता. दोघांत जास्त हट्टी कोण, हे ठरवायला घरात तिसरं माणूस नव्हतं.

कसे केलेस ते सांग बघू… हं… सालं काढलीस? का?… बरं, काढलीस तर काढलीस. आणि?… जिरं? मिरपूड? अगं, बटाटे करतेस की काढा?… इंटरनेटवर बघून? इंटरनेटची आई वेगळी, याची आई वेगळी… तेल, कांदा, मीठ, बटाटे. संपलं… नाही गं, लपवत नाहीये काही.

लपवत होती. एवढी एक गोष्ट सांगून टाकली की झालं. मग ही पोरगी परत कशाला फोन करते? माणूस भुकेलं असेपर्यंतच दार वाजवतं, हे तिनं पोट भरलेली माणसं बघून बघून शिकलेलं होतं.

असं कर, उद्या फोन कर. आठवून सांगते… हो, आहे काहीतरी, पण आत्ता डोक्यात येत नाही. वय झालं… अगं ऐक ना… ऐक… रडतेस की काय?… अगं, सर्दी अशी वाजत नाही. रडू नको. तिसऱ्यांदा केलेस? आणि तिन्ही वेळा ढकललं त्यानं? वा. राजा आहे मोठा.

… बरं. कशात करतेस? भांडं कोणतं?… नॉनस्टिक. घ्या! त्यात या जन्मी काही लागायचं नाही. लोखंडी कढई नाही का घरात?… एक आहे? कुठली?… मी दिलेली.

… अजून खोक्यातच आहे?

नाही, राग नाही. काळीच आहे ती, ठाऊक आहे मला. तुझ्या मावशा हसल्या होत्या तेही ठाऊक आहे. लग्नात सासू वापरलेली कढई देते का कधी, म्हणून. नवी मिळत होती गं बाजारात. पण ही त्याची होती. याच कढईत वाढलाय तो… काढ तिला बाहेर. फडक्यानं पूस नुसती. साबण लावलास तर बघ… तेल घाल. अजून. हात आखडू नको, तुझ्या बापाचं तेल नाही… आता कांदा, मग बटाटे… ऐकू आलं. चरचरलं. मोठा ठेव गॅस, वर झाकण घाल.

आता ऐक. यात आणखी काही घालायचं नाही. विसरायचं… विसरायचं म्हणजे विसरायचं! बटाटे चढवायचे आणि त्यांच्याकडे बघायचंच नाही. एवढीच रीत… थट्टा नाही करत. डबल ड्यूटी करून यायचे मी तेव्हा. कढई चढवायचे, मिनिटभर म्हणून भिंतीला टेकायचे, की लागला डोळा. धुरानंच जाग यायची. वरचे बटाटे बरे, खाली काळा थर. आणि हा उलथणं घेऊन ती खरवड काढत बसायचा. म्हणायचा, आई, रोज असेच कर. मला वाटायचं, पोरगं माझं मन राखतंय. कसलं मन! एकदा सुट्टीला जागी राहून चांगले केले, तर ताट ढकललं ढब्बूनं.

… ढब्बू कोण म्हणजे? तुझा नवरा!… सांगितलं नाही तुला? मग मी सांगितलं म्हणू नको. गाल बघितले नाहीस तू तेव्हाचे… खरवड संपली की विचारायचा, "अजून आहे?" आणि मी म्हणायचे, "आहे रे, खूप आहे." कुठली असायला. माझ्या ताटातली त्याच्या ताटात जायची.

ए, झाकण उचललंस! आवाज आला मला. ठेव खाली… टायमर बियमर काही नको. टायमर लावला म्हणजे लक्ष आलंच की त्यात. पाठ कर गॅसकडे. केलीस? आता माझ्याशी बोल… काहीही. मनात असेल ते विचार… खरंच विचार, मी काही खात नाही तुला.

पोरीनं लग्नाच्या पंगतीत काय झालं ते विचारलंच, आणि बाईनं स्टूल भिंतीला लावून पाठ टेकली.

हो. जे झालं ते तसंच झालं. तुझी आई मला म्हणाली, विहीणबाई, कुठल्या वॉर्डात नर्स आहात? मुलानं तिकडं तसं सांगून ठेवलं होतं. मी नर्स झाले हे मलाच कुणी कळवलं नव्हतं… आता हसतेस! तेव्हा कुणी हसलं नाही. मी म्हटलं, वॉर्डात नाही बाई, तळघरात असते. चादरी धुते. रक्ताच्या, ओकारीच्या, मेलेल्या माणसांच्या… जेवताना, हो, जेवतानाच म्हटलं. तिनं जेवतानाच विचारलं तर मी काय हात धुवून येते म्हणू?

… मला कशाची लाज? लाज त्याला वाटली. पंगतीतून उठून गेला. त्या चादरींवरच शाळा झाली त्याची, बूट आले, चष्मा आला, आणि तुमच्या घरी यायला नवा शर्ट लागला तोही त्यातूनच आला. राग आहे मला. राग नाही म्हणणाऱ्या आया खोटं बोलतात, सरळ सांगते… माफी? मी मागायची? कशाची, खरं बोलले त्याची? नाही मागणार. त्यानं मागावी असंही नाही माझं. नुसतं एकदा तोंड उघडून आई म्हणायला काय…

जाऊ दे.

… एकटीच. आणखी कोण असणार?… कशी म्हणजे? कामाला जाते, येते, खाते, झोपते. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, तेवढी एक अडचण. कामावर समोरचं टोक कुणीतरी धरतं. घरी मी खिडकीच्या कडीत अडकवते. कडी बरी, भांडत नाही… अगं, हे हसायचं होतं. पुन्हा काय सर्दी सुरू केलीस?

आणि गंमत सांगू? माझे बटाटे हल्ली करपतच नाहीत. चुकूनसुद्धा. दुसरं लक्ष द्यायला आहे काय घरात? उभी राहते आणि बघते त्यांच्याकडे. ते बिचारे लाजून शिजतात. फिके पिवळे, दवाखान्यात देतात तसे. गिळते, झालं…

काय गं? काय झालं?… वास येतोय? कसला?… जळका! आता कुठं जमलं तुला! पळू नको… बंद नको करू इतक्यात. अजून थोडं. धूर झाला? होऊ दे… खिडकी नको उघडू! खिडकीला हात लावशील तर याद राख. जाऊ दे तो वास आत, त्याच्या खोलीत…

थांब. काय बोलला तो?… आतून काहीतरी बोलला ना आत्ता?… परत सांग. हळू सांग.

तिनं डावा कान फोनवर इतका दाबला की बांगडी मनगटात रुतली.

"आई आलीय का?" … असं विचारलं?

समोरच्या खिडकीची कडी लोंबत होती. तिच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

आहे, आहे मी. ऐकतेय… नाही आली म्हण. … "येईल" नको सांगू. "बोलाव" पण नको सांगू. विचारलंय तेवढ्याचं उत्तर दे, नाही आली… फोन? नको गं, नको देऊ. आत्ता नको. आधी जेवू दे. खाताना मध्ये बोललेलं खपत नाही त्याला… मला काय होतंय? कांदा चिरत होते मघाशी… अगं, बंद कर आता तो गॅस, कोळसा करशील! ताट नको देऊ. कढईच ने, खाली जाड फडकं घे, आणि उलथणं त्याच्या हातात दे. कळेल त्याला… जा, जा. निवली की मजा जाते. ठेव फोन… तू ठेव. मी नाही ठेवत आधी. जा म्हणते ना!

पोरगी पळाली आणि फोन ठेवायचं विसरली. ओट्यावर तसाच उघडा राहिला असावा. बाईला पावलं ऐकू आली. दार. खोकला, लहानपणी होता तसाच, दोन ठसके आणि मग नाक ओढणं. काहीतरी बोलणं झालं, ते कळलं नाही. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग लोखंडावर लोखंड. खर्र. खर्र. खर्र.

तिनं तोंडावर हात धरला. आपला श्वास तिकडं ऐकू जाईल, कुणीतरी येईल आणि फोन बंद करेल, याची तिला भीती वाटली. खरवडणं घाईघाईनं चाललं होतं. मग कडेकडेनं. मग थांबलं.

आणि बसलेल्या, घोगऱ्या आवाजात आतून कुणीतरी दोन शब्द विचारले. तिला विचारले नव्हते. बायकोला विचारले होते.

आहे… आहे रे. खूप आहे.

ते तिकडं पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. लाइन गेली होती.

हॅलो?… हॅलो?

फोन हातातच ठेवून ती उठली. तिच्या कढईतला बटाटा तसाच होता, पिवळा आणि गार. तिनं खालचा गॅस पेटवला, मोठा केला, आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.