पान्याचं आत्मवृत्त

...अन् वरून मलाच इचारतेत, "दगडाबाई, तुमच्या पान्याला भावनाच नाहीत का?" आता तुमीच सांगा, पान्याला भावना असत्येत का? लोखंडाचा पाना! नट दिसला की आवळायचा न्हाईतर ढिला करायचा, एवढंच त्याचं सुख अन् एवढंच त्याचं दुःख. पर न्हाई! त्याचं आत्मवृत्त लिवायचं. 'मी एक पाना बोलतोय.' जल्म कुठं झाला, लहानपन कसं गेलं, मोठेपनी कोनाकोनाची सेवा केली, अन् म्हातारपनी कोपऱ्यात गंजत पडल्यावर मनाला काय वाटलं... दोन पानं भरून! अवो, मी हापसा दुरुस्ती शिकाया गेलते का पान्याची सोयरीक जमवाया?

थांबा, पयल्यापासून सांगते, न्हाईतर म्हनचाल बाईचं डोकं फिरलं. आमची वाडी चकलांब्याच्या अलीकडं. एकच हापसा. दुष्काळाचं दुसरं साल, हिरी कोरड्या ठाक, अन् नेमका हापसा बसला. बोरात पानी व्हतं बरं का! खाली पानी, वर आमी, अन् मधी एक फाटका वायसर. तळहाताएवढं चामडं! ते फाटलं की दिवसभर दांडा मारा, घाम निघंल पर पानी निघनार न्हाई. रोज दोन कोस जाऊन पानी आनायलो. तालुक्याच्या मिस्त्रीला इचारावं तर, "यादीत हाय तुमचं गाव." यादीत हाय! यादी का घागरीत वतायची?

अन् तेवढ्यात कारखान्यावरून सांगावा आला. बाया-बापे कोनीबी या, पंधरा दिवसांत हापसा दुरुस्ती शिकवतो, पास व्हईल त्याला सर्टिफिकेट अन् संगं पेटी. पेटी म्हंजी आख्खं घबाड हो! पाईपपाना, पाईप धरायचे शिकंजे, सळया, नवे वायसर, समदं. आमचे सरपंच सुंदरराव म्हनले, "सर्टिफिकेटवाल्याबिगर हापशाला हात लावू देनार न्हाई, सरकारी माल हाय." मी म्हनले, बरं. सर्टिफिकेटाचं तुमी लोनचं घाला, मला पेटी पायजे. पेटी आली की वायसर बदलला, वायसर बदलला की पानी. एवढा सरळ हिशोब डोक्यात धरून गेलते मी.

कारखाना म्हंजी आमचा सहकारी साखर कारखाना. ऊसच न्हाई तर गाळप कशाचं? दोन साल झाली, चिमनीतून धूर न्हाई. मोकळ्या गोदामात बारदान हातरून चाळीस जनांना बसवलेलं, अन् मुंग्या बिचाऱ्या अजून साखर हुडकत आमच्या अंगावरून फिरायल्या. शिकवाया धुळाजी मिस्त्री. कारखान्याचे जुने फिटर. ह्या मानसानं मशिनीला नुसता कान लावला तर आत काय मोडलंय ते सांगनार! त्यांनी पयल्या दिवशी पाना उचलला, म्हनले, "बायांनो, फुडं सरका, ह्याला म्हनायचं..." अन् दारातून आवाज आला, "थांबा!"

राधाकिशन सर. सिरसाळ्याकडचे, हायस्कुलात मराठी शिकवायचे. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, हातात कागद. वाचाया लागले, "यापुढे तांत्रिक शिक्षणामध्ये वाचन-लेखन कौशल्यांचा एकात्मिक अंतर्भाव करण्यात येत आहे." मिस्त्री पाना हातात धरून तसेच उभे. म्हनले, "म्हंजी नेमकं काय करायचं, सर?" सर हसले. म्हनले, "सोपं आहे. आधी लिहा, मग उघडा."

झालं! तवापासून जे लिवायला बसलो... तुमाला सांगते, पंधरा दिवसांत पाना दिसला तो फळ्यावर. खडूनं काढलेला! अन् मिस्त्री? मिस्त्री मागं बारदानावर बसून आमच्यासंगं शुद्धलेखन गिरवायलेत!

अन् कहर काय, गोदामाच्या दारातच एक हापसा. कारखान्याचाच. बंद! वरच्या साखळीचा बोल्ट तुटलेला, दांडा असा लडालडा हालायचा, वाऱ्यानं बी हालायचा. चाळीस जन हापसा दुरुस्ती शिकायलेत, बंद हापशाच्या सावलीत बसून, टँकरचं पानी पिऊन! एकदा न राहवून म्हनले, "सर, वरचं झाकन खोलून दावते की, एका बोल्टाचं काम हाय." तर म्हनतेत कसे, "दगडाबाई, घाई हा अशिक्षितपणाचा पहिला लक्षण... पहिलं लक्षण आहे. आधी लिहा, मग उघडा."

मग निबंध दिला, 'हापसा नसता तर'. अवो, नसता तर काय? न्हाईच की! मी लिवलं, 'हापसा नसता तर आमी दोन कोस जाऊ. आताबी जातोच.' लिवून वही मिटली. धा पैकी दोन! खाली लाल शाईनं, 'कल्पनाविस्तार नाही.' आन् ह्यो आमच्या वाडीचा बंकट, सुंदररावांचा भाचा, माझ्याच शेजारी बसायचा. त्यानं काय लिवावं? 'हापसा नसता तर पक्षी गायले नसते, नववधूच्या पैंजणांचा नाद थांबला असता...' धा पैकी नऊ! आमच्या वाडीत पैंजन घालून पानी आननारी नवरी मला एक दाखवा. पायाला भेगा पडल्यात आमच्या, पैंजन म्हने!

बरं, मी काय लिवन्याची वैरीन न्हाई. सातवी पास हाय मी. धुळाजी मिस्त्रींनी जेवनाच्या सुट्टीत मला वायसर कसा बदलायचा ते तोंडी समजावलं, अन् हळूच सांगितलं, "दगडाबाई, कंच्या गावाच्या बोरात किती पाईप हायेत, वायसर कवा बदलला, पानी किती फुटावर लागलं, एवढं लिवून ठेवत जावा. फुडल्या टायमाला निम्मं काम तिथंच व्हतं." पटलं मला. असलं लिवनं शिकवा की! वहीच्या मागच्या पानावर मी तसं लिवायला लागले, ज्या गावचं मानूस भेटंल त्याला इचारून. सरांनी बघितलं अन् फर्रकन लाल रेघ मारली. 'असंबद्ध मजकूर.' तुमाला सांगते, त्या दिवशी मला पयल्यांदा रडू आलं. रागानं आलं, पर आलं.

आली परीक्षा. जिल्ह्याहून साहेब आलेले, गाडीतनं, पांढरी टोपी, कपाळावर घाम. अन् त्याच दिवशी टँकर आला न्हाई! पिंपात पेलाभर पानी न्हाई. साहेब जिभेनं ओठ चाटायलेत, सर साहेबांना पुठ्ठ्यानं वारा घालायलेत, अन् फळ्यावर प्रश्न, 'पान्याचे आत्मवृत्त, गुण पन्नास.' मी लिवलं, 'मी पाना हाय. मला कोनी पंधरा दिवसांत हात लावला न्हाई.' झालं माझं आत्मवृत्त! फुडं त्या पान्याच्या आयुष्यात तरी काय घडलंय लिवाया?

उठले अन् गेले भाईर. मिस्त्री माझ्या मागं आले. मी म्हनले, "बोल्ट?" त्यांनी लगेच खिशातनं काढला. पंधरा दिवस खिशात घेऊन फिरत व्हता बिचारा! झाकन खोललं, साखळी बसवली, बोल्ट घातला, आवळला. बिडी वढायला लागतो तेवढा येळ. दांडा मारला... खर्र... खर्र... अन् भळ्ळकन पानी! नगदनारायनाची आन, आख्खा वर्ग पेपर टाकून भाईर पळाला. साहेब सगळ्यांच्या म्होरं! दोन तांबे गटागटा प्यायले, तोंडावर मारलं, टोपी भिजवून डोक्यावर घातली. मला वाटलं, आता म्हनतील शाब्बास. पेटी आपलीच!

साहेबांनी मिशा पुसल्या. म्हनले, "परीक्षा चालू असताना, लेखी परवानगीशिवाय, हा हापसा उघडला कुणी?" सर म्होरं येऊन म्हनले, "साहेब, मी रोज सांगतो, आधी लिहा, मग उघडा!" मग साहेब मला म्हनले, "लेखी खुलासा द्या. त्यालाच गुण देऊ." दिला. 'हापसा बंद व्हता. झाकन उघडलं. साखळीचा बोल्ट तुटलेला व्हता. नवा बसवला. पानी आलं.' सरांनी वाचलं, मान हालवली. "दगडाबाई, प्रस्तावना नाही. शेवट नाही." शेवट न्हाई? पानी आलं, ह्यो शेवट न्हाई? ह्याच्याफुडं आनखी कंचा शेवट पायजे तुमाला? साहेब तिसरा तांब्या पीत पीत म्हनले, "नियम म्हणजे नियम." अन् मी नापास!

पास कोन? बंकट! अकरा पानं आत्मवृत्त लिवलेलं. त्यातला पाना दोनदा रडला म्हने. साहेबांनी उभं राहून वाचून दावलं, बंकटला हार घातला, अन् पेटी दिली त्याच्या हातात. मी बघत राह्यले. माझा जीव तुटला हो त्या पेटीसाठी.

दुसऱ्या दिवशी वाडीत हापशापशी ही गर्दी! सुंदरराव म्होरं, मागं समद्या बाया घागरी घेऊन. बंकटनं वही उघडली. "जल हेच जीवन," म्हनला. बरं, फुडं? "हापसा हा ग्रामीण स्त्रीचा जिवाभावाचा सखा..." आमची भिवराबाई वरडली, "आरं ए मुडद्या, त्या सख्याला पानी सोड म्हन की!" मग गड्यानं वही ठेवली, पेटी उघडली. अन् नुसता बघत बसला. बघायला... बघायला... मानेवरनं घामाची धार. मग हळूच सरकत माझ्यापशी आला अन् कानात म्हनतो, "मावशी... ह्यातला पाईपपाना कंचा वं?"

अकरा पानं! अकरा पानं ज्याच्या सुखदुःखाची लिवली, त्याला वळखंना हो ह्यो!

मनात आलं, म्हनावं आधी लिही बाबा, मग उघड. जिभेवर आलतं. पर घागरी दिसायल्या ना समोर. रिकाम्या, वळीनं मांडलेल्या, माझी बी त्यातच. घेतला पाना हातात. चार बायांनी पाईप वढून धरले, मी शिलिंडर खोललं, फाटका वायसर काढला, नवा घातला, समदं परत खाली सोडलं. तासाभरात वाडीत पानी. बाया भिजल्या, हासल्या, एकमेकींच्या अंगावर उडवलं. अन् सुंदररावांनी नारळ फोडून हार घातला... बंकटला.

मग बंकटनं खिशातनं छापील फारम काढला. दुरुस्ती अहवाल. तिथंच बसून भरला, ठळक अक्षरात. 'दुरुस्ती करणार : बंकट, प्रमाणपत्रधारक. मदतनीस : दगडाबाई, अकुशल.' म्हनला, "मावशी, मदतनीसाची सही लागती. तेवढी करा, अन् उद्या तीन वाड्यांचं काम हाय, पेटी मी आनतो." बगा की, आधी उघडलं, मग लिवलं, अन् लिवलं ते त्याचंच नाव!

केली सही. उद्या त्या तीन वाड्यांच्या बायांनी काय पाप केलंय? अन् काय सांगू तुमाला, पंधरा दिवस गिरवलेलं अक्षर, असं वळनदार उमटलं, असं देखनं, की सुंदररावांनी फारम हातात घेतला, समद्यांना फिरवून दावला, अन् म्हनले, "बघा रे, शिकल्याचा बाईला कसा फायदा झाला!"

मी म्हनले, व्हय. झाला की.