चालतंय त्यांना

बायको : अहो, ही गोणी परत कशी आली? गरजूंना वाटायचं जुनं सामान हॉलवर द्यायला गेला होतात ना?

नवरा : हॉल बंद होता.

बायको : शेजारच्या वहिनी आत्ता तिथूनच आल्या. म्हणे घेणाऱ्यांची रांग पार फाटकापर्यंत.

नवरा : मग उघडला असेल नंतर. चहा टाक.

बायको : कान लाल झालेत तुमचे. खोटं बोललात की होतात. आधी सांगा, मग चहा.

नवरा : ताई होती तिथं.

बायको : त्याही काही द्यायला आल्या होत्या?

नवरा : घ्यायच्या रांगेत होती. हातात रिकामी पिशवी.

बायको : मग? काय बोललात?

नवरा : खांबामागं गेलो. तिथनं मागच्या दारानं सटकलो. एवढं माझं धूड, खांबामागं मावतंय थोडंच.

बायको : सख्ख्या बहिणीपासून लपलात?

नवरा : तिला लाज वाटेल म्हणून.

बायको : त्यांना?

नवरा : मला. शिवणकारखाना बंद पडला तिचा, तेव्हा फोनवर म्हणालो, काही लागलं तर सांग. म्हणालो आणि सुटलो. ती कसली सांगतेय.

बायको : आणि ही गोणी तिथं टाकली असती, तर नेमकी त्यांच्याच पिशवीत गेली असती.

नवरा : तेच वाटभर डोक्यात चाललं होतं.

बायको : थांबा, उघडते. हे पातेलं बघा, बूड गळतंय. मी टाकायच्या ढिगात ठेवलं होतं.

नवरा : मीच उचलून द्यायच्यात घातलं.

बायको : तेव्हा काय म्हणालात?

नवरा : चालतंय त्यांना.

बायको : हा स्वेटर. दोन्ही कोपरं गेलेली. आणि ही इस्त्री, वायर सोललेली. ताईंना द्याल ही?

नवरा : वेडी का काय. शॉक बसेल तिला.

बायको : मग दुसऱ्याच्या बहिणीला नसता बसला?

नवरा : बास कर आता.

(फोन वाजतो. नवऱ्याचे हात गोणीत, म्हणून बायको स्पीकर लावते.)

ताई : बंड्या, पोचलास का घरी?

नवरा : हो. म्हणजे, कुठनं?

ताई : आता माझ्यापासून काय लपवतोस. बघितलं मी तुला खांबामागं. लहानपणी पण दारामागं लपायचास, अन् पोट बाहेर. हाक मारणार होते. मग म्हटलं, चारचौघांत ओशाळशील. तोंड फिरवून उभी राहिले.

नवरा : ताई, मी तिथं...

ताई : काम सुटलं का रे तुझं? मला सांगायचं नाही होय? तुझ्या पाठीवर गोणी बघितली, अन् आतड्याला पीळ पडला बघ. भांडी मिळाली वाटतं, खडखडत होती. पांघरूण मिळालं का?

नवरा : नाही.

ताई : वाटलंच. मला दोन चादरी मिळाल्यात. एक विरलीय, ती राहू दे मला. चांगली तुझ्यासाठी धुवायला घेतलीय.

बायको : अहो, बोला ना काहीतरी.

नवरा : ताई, धुवू नको. मी येतोय.

ताई : ये की. अन् येताना ती गोणी पण आण. लोक कसलंही देतात रे. फाटकं असेल ते शिवून देते तुला.